गिल्ड निवडताना आधी घड्याळ बघा

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ऑनलाइन खेळातली वीस जणांची आमची तुकडी एकाच बॉसपुढे, म्हणजे खेळातल्या बड्या शत्रूपुढे, अकराव्यांदा आडवी झाली होती. व्हॉइस चॅटवर चिडीचूप. मग एका नव्या हीलरचा, म्हणजे इतरांच्या जखमा भरून काढणाऱ्या खेळाडूचा, बारीक आवाज आला, "सॉरी, माझ्याकडून झालं." मला त्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या त्या कायमच्या गटात, येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. कारण माझ्या आधीच्या गिल्डमध्ये अशाच एका "सॉरी"नंतर लीडरनं एका मुलाला सगळ्यांदेखत दहा मिनिटं फैलावर घेतलं होतं. तो मुलगा पुन्हा कधी लॉगिन झालाच नाही.

इथला रेड लीडर, म्हणजे अशा मोठ्या सामूहिक चढाईचा म्होरक्या, म्हणाला, "थांब, लढाईचा लॉग बघतो." अर्धा मिनिट गेला. "तुझं काही चुकलेलं नाही रे. मी हाक उशिरा दिली. तू पळालास तेव्हा आग तुझ्या पायाखाली आलीच होती. आता तीन सेकंद आधी सांगतो. चला, पुन्हा." तेराव्या खेपेला बॉस पडला.

पहिली गिल्ड सर्व्हरच्या क्रमवारीत पहिल्या पाचात होती. दुसरी त्या क्रमवारीत कुठे होती ते मी कधी बघितलंच नाही. पहिलीत मी सात आठवडे टिकले, दुसरीत चार वर्षं रमले.

गिल्ड शोधायला बसलं की खेळ आपल्यापुढे एक यादी टाकतो. नाव, लेव्हल, मेंबर किती, चिन्ह कोणतं. ही मंडळी किती वाजता खेळतात, मिळालेलं कसं वाटून घेतात आणि हरल्यावर एकमेकांशी कसं बोलतात, हे त्या यादीत कुठेच नसतं. आणि तुमचं पुढचं वर्ष सुखात जाणार की वैतागात, ते यावरच ठरतं. ते कसं हुडकायचं, त्याबद्दल हा लेख.

गिल्ड मुळात लागते कशाला

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तिला गिल्ड म्हणतात, फायनल फँटसी १४ मध्ये फ्री कंपनी, ईव्ह ऑनलाइनमध्ये कॉर्पोरेशन, क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये क्लॅन. नावं वेगवेगळी असली तरी सांगाडा बराचसा सारखा: नावाला चिकटणारी एक ओळख, सगळ्यांचं मिळून एक चॅट, बहुतेक ठिकाणी एक सामायिक तिजोरी आणि लीडर, ऑफिसर, साधा मेंबर अशा पायऱ्या.

हे सगळं गरजेपोटी घडत गेलं. १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट हा खेळ आला, तेव्हा त्यातले मोठे ड्रॅगन मारायला डझनांनी माणसं एकाच वेळी हजर असावी लागत. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला, आणि मोल्टन कोअर ही त्यातली सुरुवातीची रेड चाळीस जणांची होती. दर वेळी चाळीस अनोळखी माणसं नव्यानं कोण गोळा करत बसणार? ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येणारी कायमची मंडळी हवी झाली. म्हणून मी गिल्डकडे आधी वेळेचा करार म्हणून बघते. मैत्री होते, पुष्कळ होते, पण ती या कराराच्या आधारानं वाढते.

अर्थात सगळेच रेडसाठी येत नाहीत. पालो आल्टो रिसर्च सेंटरमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या खेळाडूंवरचा एक अभ्यास मांडला होता. लोक वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ एकटेच खेळतात, पण आजूबाजूला माणसांचा वावर त्यांना हवा असतो, असं त्यात दिसलं. कोणीतरी बघणारं हवं, नवी वस्तू मिळाली की "भारी!" म्हणणारं हवं, कोपऱ्यात गप्पा चालू हव्यात. मला हे अगदी पटतं. खेळातल्या तळ्याकाठी तासभर मासे धरत बसावं आणि चॅटमध्ये दोघांचा कुठल्याशा बॉसवरून वाद चाललेला असावा, यासारखी शांत संध्याकाळ नाही. तुम्हाला एवढंच हवं असेल तर तेही गिल्ड शोधायला पुरेसं कारण आहे. फक्त मग रेडच्या गिल्डचे नियम अंगावर ओढून घेऊ नका.

तुम्हाला काय हवं हे कळत नसेल तर एक जुनी फूटपट्टी अजून उपयोगी पडते. मड या मजकुरावर चालणाऱ्या खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक, रिचर्ड बार्टल, यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: काहीतरी मिळवण्यासाठी खेळणारे, हिंडून शोध घेणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्यावर कुरघोडी करण्यात रमणारे. कोणीच निव्वळ एका खान्यात बसत नाही. पण गेल्या आठवड्यातलं नेमकं काय आठवतं, ते स्वतःला विचारून बघा. नवी तलवार आठवते, की डोंगरामागे सापडलेली गुहा, की कोणी सांगितलेला किस्सा, की समोरच्या टोळीला दिलेला चोप? जे पहिल्यांदा आठवलं, ते रोज करणारी माणसं शोधायची.

तुमचा आठवडा, तुमचे तास

आता मुद्द्याची गोष्ट. कुठल्याही गिल्डला अर्ज करण्याआधी गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही प्रत्यक्षात कधी आणि किती वेळ खेळलात ते कागदावर लिहा. "खेळू शकेन" असे तास नका लिहू, खेळलात तेवढेच लिहा. या दोन आकड्यांत जो फरक असतो तोच पुढे भांडणाचं मूळ होतो.

जाहिरातीत लिहिलेलं असतं, "आठवड्यातून दोन रात्री, तीन-तीन तास." वाचताना सहा तास वाटतात. पण रेडला येताना पोशन आणि बफ, म्हणजे तात्पुरतं बळ, देणारं खाणं बरोबर असावं लागतं, म्हणजे ते गोळा करायला वेळ गेला. नव्या बॉसचा व्हिडिओ बघून यायचा असतो. शस्त्रं-चिलखतं सुधारायची असतात. शिवाय आमंत्रणं जाऊन सगळे जमेपर्यंत सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं जातात. धरा आठ ते नऊ तास. आणि हे तास ठरलेल्या वेळेचेच द्यावे लागतात. एकट्यानं खेळताना दाराची बेल वाजली तर उठून जाता येतं. रेडमध्ये तुम्ही उठलात की एकोणीस जण उभे राहतात. त्यात बहुतेक रेडची बक्षिसं आठवड्यातून एकदाच मिळतात, त्यामुळे बुडालेली रात्र त्या आठवड्यापुरती बुडालीच.

वेळ वाचताना "सर्व्हर टाइम" हे शब्द आले की थांबा. रात्री आठ म्हणजे सर्व्हरच्या घड्याळात आठ. तुमच्याकडे तेव्हा पहाटेचे पाचही वाजलेले असू शकतात. त्यातही एक खाच आहे, जी मला फार उशिरा कळली. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. तुम्ही राहता तिथे घड्याळ बदलत नसेल, तर त्या दिवसापासून शरद ऋतूपर्यंत तुमच्यासाठी रेड तासभर आधी सुरू होणार. फेब्रुवारीत आरामात जमणारी वेळ एप्रिलमध्ये नेमकी कामाच्या वेळेत येऊन पडते. म्हणून सरळ विचारा: "मार्चनंतर आमच्याकडे ही वेळ काय होईल?" ज्या गिल्डमध्ये निरनिराळ्या देशांतली माणसं आधीपासून आहेत, तिथे याचं उत्तर चटकन मिळतं.

मेंबरांच्या संख्येवर जाऊ नका. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची एक गिल्ड हजारापर्यंत जाऊ शकते, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनची पाचशेपर्यंत, क्लॅश ऑफ क्लॅन्सचा क्लॅन पन्नासवर थांबतो. पण यादीत चारशे नावं असून तुमच्या वेळेला सहाच जण ऑनलाइन दिसत असतील, तर तुमच्यापुरती ती सहा जणांची गिल्ड. आठवड्यातल्या तीन वेगवेगळ्या दिवशी, तुम्ही एरवी ज्या वेळेला खेळता त्याच वेळेला, ऑनलाइन नावं मोजा. बऱ्याच खेळांत "शेवटचं कधी आले" हेही दिसतं. अर्ध्या नावांपुढे तीन-तीन महिने असतील तर काय समजायचं ते समजा.

तुमच्यासाठी जागा आहे का

ही गोष्ट नवे खेळाडू विचारतच नाहीत, आणि यातच सगळ्यात जास्त मनं दुखावतात. गटाचं गणित ठरलेलं असतं. फायनल फँटसी १४ च्या आठ जणांच्या गटात दोन टँक (शत्रूचा मार स्वतःवर घेणारे), दोन हीलर आणि मार देणारे चार. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०१४ मध्ये मिथिक ही सर्वांत अवघड पातळी आली ती नेमक्या वीस जणांची, आणि त्यात साधारणपणे दोनच टँक, चार-पाच हीलर आणि बाकीचे मार देणारे असं बसतं. आता तुम्ही हौसेनं टँक खेळता, आणि त्या गिल्डमध्ये दोन टँक तीन वर्षांपासून एकही रात्र न चुकवता येताहेत. तुम्ही कितीही चांगले असा, तुम्हाला जागा नाही. तिथे कोणी वाईट नाही, पण सहा महिन्यांनी तुम्हीच कडवट होऊन बाहेर पडाल.

दुसरं म्हणजे बेंच. दर वेळी वीस जण नक्की भरावेत म्हणून गिल्ड तेवीस ते पंचवीस जण हाताशी ठेवते, कारण कोणाची ना कोणाची अडचण असतेच. सगळे आले की तीन-चार जणांना बाहेर बसावं लागतं. यात अपमान नाही. फक्त कोण बसणार ते कसं ठरतं, हे आधी विचारून घ्या. "पाळीपाळीनं" हे उत्तर चांगलं. "त्या बॉसला कोणता क्लास, म्हणजे कोणत्या प्रकारचं पात्र, लागतो त्यावर" हेही प्रामाणिक. "बघू तेव्हाचं तेव्हा" याचा अर्थ नवा माणूस बसणार.

लहान गट सैल आणि मोठा गट कडक, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात उलटं असतं. आठातला एक आला नाही की सात जणांची संध्याकाळ वाया जाते, म्हणून आठ जणांचे ठरलेले गट हजेरीबाबत फार काटेकोर असतात. याउलट वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या खालच्या पातळ्यांवर दहा ते तीस कितीही जण चालतात, बॉस त्या मानानं आपोआप सोपा-अवघड होतो. तिथेच आनंदानं राहणाऱ्या गिल्ड्स असतात. परीक्षा, बदलत्या पाळ्या, लहान मूल, आजारी माणूस, यांपैकी काही घरात असेल तर अशीच गिल्ड शोधा असं मी आग्रहानं सांगेन.

जाहिरात नीट वाचा

एक नेहमीच्या धाटणीची जाहिरात घेऊ:

"ॲक्टिव्ह आणि फ्रेंडली गिल्ड. सगळ्या लेव्हलचे चालतील. आम्ही एक फॅमिली आहोत. कॅज्युअल, पण टॉपला जायचं आहे. हीलर तातडीनं हवेत. टॉक्सिक लोकांनी लांब राहा."

"सगळ्या लेव्हलचे चालतील" म्हणजे निवड होत नाही. नव्यांना हे बरं, पण पुढच्या आठवड्यात आणखी तीस जण येतील आणि चाळीस जातील. "कॅज्युअल, पण टॉपला जायचं आहे" या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ थांबा. कॅज्युअल हा शब्द प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. एकाला वाटतं मनात येईल तेव्हा यावं, दुसऱ्याला वाटतं दोनच रात्री खेळू, पण त्या दोन रात्री जीव तोडून. दोघं एकाच गिल्डमध्ये आले की तिसऱ्या आठवड्यात ठिणगी पडते. इथे विचारायचा प्रश्न एकच: "गेल्या महिन्यात रेड किती वेळा माणसं कमी पडल्यानं रद्द झाली?"

"हीलर तातडीनं हवेत" यात एरवी वावगं काही नाही. पण तीच गिल्ड महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तातडीनं हीलरच शोधत असेल, तर आधीचे हीलर का गेले ते विचारायला हवं. कुठलीही रेड फसली की पहिलं बोट हीलरकडे जातं. हीलर टिकत नाहीत अशा ठिकाणी बोलण्याची तऱ्हा बिघडलेली असण्याची शक्यता मोठी. "टॉक्सिक लोकांनी लांब राहा" असं तर सगळेच लिहितात. कोणाला, कशासाठी काढलं गेलं याचं एखादं उदाहरण ऑफिसर सांगू शकत असेल तर त्या ओळीला अर्थ आहे.

मला आवडलेली एक जाहिरात तीन ओळींची होती. दिवस, वेळ, कुठल्या बॉसपर्यंत पोचलो आहोत, कोणता क्लास हवा आणि लूट कशी वाटतो. बस.

लूट वाटायची पद्धत

बॉस पडला की दोन-चार वस्तू पडतात आणि घेणारे वीस असतात. आता अनेक खेळांत ज्याचं त्याला थेट मिळतं, तिथे हा भाग सोडून द्या. बाकी ठिकाणी गिल्ड फुटण्याचं हे मोठं कारण आहे, म्हणून पद्धती समजून घेऊ.

सर्वांत सोपी पद्धत रोल. प्रत्येकानं एक ते शंभरमधला आकडा टाकायचा, मोठा जिंकला. यात लबाडीला वाव नाही, पण सहा महिने येणारा आणि काल आलेला एकाच पारड्यात बसतात.

म्हणून एव्हरक्वेस्टच्या काळात डीकेपी निघाली, म्हणजे ड्रॅगन किल पॉइंट्स. नाव आलं त्या खेळातल्या ड्रॅगनवरून. रेडला हजर राहिलात की गुण मिळतात आणि वस्तू घेताना ते खर्च करायचे. समजा, एका रात्रीचे दहा गुण. आठवड्याला दोन रात्री, तीन आठवडे एकही न चुकवता आलात, तर तुमच्याकडे साठ गुण. जुन्या मेंबरकडे चारशे साठलेले. तलवार पडली, त्यानं दीडशेची बोली लावली, विषय संपला. हे न्याय्य आहेच, त्यानं ते कमावलेत. पण तो प्रत्येक चांगल्या वस्तूसाठी गुण दाबून ठेवत असेल तर नव्या माणसाला महिनोन्महिने उरलंसुरलंच मिळतं. म्हणून काही गिल्ड्स दर आठवड्याला सगळ्यांचे गुण थोडे झिजवतात. दहा टक्के झिजले तर चारशेचे तीनशे साठ होतात, आणि तुमचे साठाचे चोपन्न. अंतर तीनशे चाळीसवरून तीनशे सहावर आलं. "तुमच्याकडे गुण झिजतात का?" असा प्रश्न नव्या माणसानं विचारला की ऑफिसरला कळतं, हा समजून आलाय.

तिसरी पद्धत लूट कौन्सिल. तीन-चार ऑफिसर बसून ठरवतात की ही वस्तू कोणाकडे गेली तर सगळ्या गटाचा फायदा. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसांच्या हाती ही सर्वांत चांगली, आणि मित्रमंडळींच्या हाती सर्वांत वाईट. कोणाला काय दिलं याचा तक्ता सगळ्यांना उघडा असेल तर बिनधास्त जा. तक्ता मागितल्यावर राग आला तर मात्र मागे फिरा.

मोबाइलवरच्या क्लॅनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये दुसऱ्यांना किती सैन्य दिलं आणि नेहमीच्या क्लॅन वॉरमध्ये वाट्याला आलेले दोन्ही हल्ले केले की नाही, यावर तुमची पत ठरते. हल्ले न करता राहिलात की बऱ्याच क्लॅनमधून काढून टाकतात, आणि त्यात चूक काही नाही, कारण तुमची जागा दुसऱ्याला देता आली असती. वॉरमध्ये भाग घ्यायचा नसेल तर तसं सेटिंग आहे, ते बंद करून ठेवा.

व्यापाराच्या गिल्डचं गणित आणखी निराळं. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये गिल्ड्स दर आठवड्याला बोली लावून व्यापाऱ्याची जागा मिळवतात आणि मेंबरांचा माल तिथे विकला जातो. ती बोली भरायला खेळातलं सोनं लागतं, म्हणून अशी गिल्ड ठरावीक विक्री किंवा आठवड्याची वर्गणी मागते. नव्याला ती लुबाडणूक वाटते, पण हिशेब सरळ आहे. त्या खेळात एकाच वेळी पाच गिल्ड्समध्ये राहता येतं, गिल्ड वॉर्स २ मध्येही सुरुवातीपासून पाच चालायच्या. तिथे एक व्यापाराची, एक गप्पांची, एक रेडची अशी विभागणी करता येते आणि निवड चुकली तरी फारसं बिघडत नाही. एकच गिल्ड घेता येते त्या खेळात मात्र वेळ घेऊन ठरवा.

किल्ल्या कोणाच्या हातात

ईव्ह ऑनलाइन २००३ पासून चालू आहे आणि विश्वासाबद्दल त्याच्याइतकं कुठल्याच खेळानं शिकवलेलं नाही. २००९ च्या फेब्रुवारीत बँड ऑफ ब्रदर्स ही त्यातली अत्यंत बलाढ्य युती एका रात्रीत नाहीशी झाली. लढाई झालीच नाही. आतला एक डायरेक्टर विरोधी गूनस्वॉर्म युतीला जाऊन मिळाला आणि त्याच्याकडे असलेल्या अधिकारानं युतीच विसर्जित केली गेली. २०१४ च्या जानेवारीत बी-आर५आरबी या सूर्यमालेवरून एकवीस तास लढाई चालली, पंचाहत्तर टायटन जहाजं गेली, आणि सुरुवात कशानं झाली? त्या जागेचा ताबा राखायला भरायची रक्कम वेळेवर भरली गेली नाही.

तुमची गिल्ड एवढी मोठी नसेल, तरी तिजोरी कोण उघडू शकतं आणि मेंबरांना कोण काढू शकतं हे माहीत असावं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २००७ मध्ये गिल्ड बँक आली, तेव्हापासून कुठल्या पायरीच्या मेंबरनं दिवसाला किती काढावं हे ठरवता येतं आणि कोणी काय नेलं त्याची नोंदही राहते. नव्या माणसाला पहिले काही आठवडे तिजोरी बंद असेल तर वाईट वाटून घेऊ नका, ती शहाण्या गिल्डची खूण आहे. दुसऱ्याच दिवशी तुम्हाला ऑफिसर करत असतील तर हुरळून जाऊ नका. तुमच्यानंतर येणाऱ्या कोणालाही ते तसंच करणार आहेत.

सगळं एकटा लीडरच बघतो का, तेही विचारा. भरती तोच, रेड तोच, तिजोरी तोच, भांडणं तोच मिटवतो. अशी माणसं मनापासून झिजतात आणि एक दिवस थकून लॉगिन करायचं थांबतात, आणि मग दोन महिन्यांत गिल्ड विरते. "तुम्ही दोन आठवडे नसलात तर रेड कोण घेतं?" या प्रश्नाला एखादं नाव पटकन आलं पाहिजे.

अगदी नवखे असाल तर शिकवणारी गिल्ड बघा. ईव्हमध्ये ईव्ह युनिव्हर्सिटी ही कॉर्पोरेशन २००४ पासून नव्यांना शिकवण्याचंच काम करते आहे. तिथे बावळट वाटणारा प्रश्न विचारायलाच लोक येतात, त्यामुळे लाज वाटत नाही. बाकीच्या खेळांतही नव्यांसाठी काढलेल्या गिल्ड्स असतात, शोधल्या की सापडतात.

पहिले तीन आठवडे

बहुतेक गिल्ड्स दोन ते चार आठवडे ट्रायल ठेवतात. त्या दिवसांत ते तुम्हाला जोखतात, तसं तुम्हीही त्यांना जोखा. जिंकल्यावर सगळेच गोड बोलतात. लक्ष द्यायचं ते आठव्या-नवव्या वाइपनंतरच्या, म्हणजे सगळा गट आडवा झाल्यानंतरच्या, पाच मिनिटांकडे. काय चुकलं याची चर्चा होते, की कोणी चुकवलं याची? लीडर स्वतःची चूक कबूल करतो का? जुना मेंबर चुकला तर स्वर तोच राहतो, की एकदम मऊ होतो? आणि जो त्या रात्री आलेला नाही, त्याच्याबद्दल मागे काय बोललं जातं? तुम्ही नसाल तेव्हा तुमच्याबद्दलही तेच बोलणार आहेत.

मुलींसाठी आणखी एक. पहिल्यांदा माइक चालू केल्यावर काय होतं ते बघा. माझ्या दुसऱ्या गिल्डमध्ये मी पहिल्यांदा बोलले तेव्हा एकानं काहीतरी शेरा मारला. मी उत्तर द्यायच्या आधीच एक ऑफिसर म्हणाला, "हे इथे चालत नाही," आणि रेड पुढे सुरू. पाच शब्दही नव्हते, पण मी थांबले ती त्यामुळे. शेरा कुठेही येऊ शकतो. त्यावर पहिला आवाज कोणाचा उठतो ते बघायचं.

काही गोष्टींवर मात्र तडजोड करू नका. पासवर्ड किंवा ओटीपी कोणी मागितला, "तुझं अकाउंट मी वर नेऊन देतो" म्हणाला, गिल्डमध्ये राहायला खरे पैसे मागितले, किंवा फोटो, फोन नंबर, पत्ता विचारू लागला, तर त्याच क्षणी बाहेर पडा आणि खेळात तक्रार नोंदवा. कितीही जुना मेंबर असो, कितीही गोड बोलो. घरातलं शाळकरी मूल गिल्डमध्ये जात असेल तर मोठ्यांनी एक संध्याकाळ शेजारी बसून ते चॅट ऐकावं. काही गिल्ड्स अठरा वर्षांखालच्यांना घेतच नाहीत, त्यांचा तो नियम पाळा, वय खोटं सांगून आत जाऊ देऊ नका.

आणि नाही जमलं तर

तीन आठवड्यांनी रेडच्या दिवशी पोटात गोळा येत असेल, तर सोडा. पण सोडण्याचीही रीत असते. रेडच्या तासभर आधी निघून जाऊ नका, आठवड्याची बक्षिसं नव्यानं सुरू होण्याआधी सांगा, म्हणजे त्यांना तुमच्या जागी माणूस शोधता येईल. तिजोरीतून उसन्या घेतलेल्या वस्तू परत ठेवा. लीडरला दोन ओळींचा निरोप पुरतो: "वेळ जमत नाही, शिकवल्याबद्दल आभार." कारणांची लांबण लावू नका, आणि जाताना चॅटमध्ये हिशेब चुकते करायला तर अजिबात बसू नका. सर्व्हरवर तीच माणसं पुन्हा भेटतात. काही खेळांत एक गिल्ड सोडून दुसरीत गेल्यावर बक्षिसं मिळायला काही काळ थांबावं लागतं, तेवढं निघण्याआधी तपासून घ्या.

ज्यांच्याशी सूर जुळला त्यांना आधीच फ्रेंड लिस्टमध्ये घालून ठेवा, कारण गिल्डची यादी बाहेर पडल्याक्षणी दिसेनाशी होते. पहिल्या गिल्डमधून मी तिघांची नावं अशी जपून आणली होती. त्यांतल्या एकीनंच मला दुसऱ्या गिल्डचा पत्ता दिला: "मंगळवार-गुरुवार, रात्री नऊ ते बारा. ये, नुसती ऐकत बस एक दिवस."